मोहाचा वास अर्कात कसा उतरतो?

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात फाल्गुन-चैत्रात मोहाची झाडे जवळजवळ निष्पर्ण होतात आणि त्यांची रसाळ, फिकट पिवळी फुले रात्रभर खाली टपकत राहतात. आंध, गोंड, कोलाम कुटुंबे ती पहाटे वेचतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यात जंगल अगदी थोडे असल्याने तेथील विद्यार्थ्यांना हे दृश्य सहसा दिसत नाही. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात सुमारे निम्मी, कधी त्याहूनही अधिक साखर असते. म्हणून ही फुले खातात, तशीच ती आंबवून दारूही गाळतात.

रानातील वनस्पतींचा वास मद्यात उतरवण्याची कला जगभर आहे. जिन या मद्याचा मुख्य वास ज्युनिपरच्या फळांचा असतो. गोव्यात २०१७ पासून लहान प्रमाणावर अशी जिन तयार होऊ लागली. ज्युनिपरला संस्कृतात हपुषा म्हणतात. तेथील एका जिनचे नावही त्यावरूनच ठेवले आहे. अशा मद्यात ‘रानाची चव’ लागते असे चाखणारे सांगतात. ही चव येते कोठून?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच चवी कळतात. आपल्या षड्रसांपैकी तिखट आणि तुरट या शास्त्रीय अर्थाने चवी नाहीत, त्या तोंडातील त्वचेच्या संवेदना आहेत. बाकी सारे काम नाकाचे. विद्यार्थ्यांना नाक दाबून बडीशेप चावायला सांगावे. फक्त गोडसरपणा जाणवेल. नाक सोडताच बडीशेप ‘कळेल’.

आता खरा प्रश्न. गवती चहाचा वास सिट्रालमुळे येतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २२९ अंश सेल्सिअस आहे आणि आधणाचे तापमान १०० अंशांपुढे जात नाही. तरीही चहा उकळताना घरभर वास दरवळतो, तो कसा?

द्रवाचा बाष्पदाब हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. पाणी आणि सुगंधी तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्येकाचा बाष्पदाब स्वतंत्र राहतो आणि दोघांची बेरीज होते. ही बेरीज १०० अंशांच्या किंचित आधीच हवेच्या दाबाइतकी होते. तेलाचा वाटा लहान असतो, पण वाफेबरोबर ते निघतेच. यालाच बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात. मद्याच्या भट्टीत अल्कोहोलही असल्याने गणित अधिक गुंतागुंतीचे होते, तरी जड रेणू वाफेवर स्वार होऊन येतात हे तत्त्व तेच.

मोहफुलाच्या वासात एक गंमत आहे. बासमती किंवा आंबेमोहोर शिजताना ज्या रेणूमुळे घमघमाट सुटतो, तो २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हा रेणू मोहफुलातही असतो. पुणे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो फुलात कसा तयार होतो यावरील संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पाण्याच्या दहा अब्ज भागांत या रेणूचा एक भाग असला तरी आपले नाक तो ओळखू शकते.

मग मोहाच्या दारूला उग्र दर्प का येतो? दोष बहुधा फुलाचा नसून हाताळणीचा असतो. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्यामुळे फुलांना राख आणि धूर लागतो. ओलसर साठवलेल्या फुलांना बुरशी येते. आंबवण लांबले की जिवाणू अल्कोहोलचे अ‍ॅसेटिक आम्ल करतात, त्यातून इथिल अ‍ॅसिटेटही बनते. इथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना, म्हणजे अल्कोहोलच्या (७८ अंश) अगदी जवळ उकळते आणि पहिल्या धारेत येते. अ‍ॅसेटिक आम्ल (११८ अंश) शेवटी जास्त येते. म्हणून जाणकार पहिली आणि शेवटची धार वेगळी काढतात. झाडाखाली जाळी बांधली तर माती आणि आग दोन्ही टळतात.

नाकाची मर्यादाही विद्यार्थ्यांना सांगितलीच पाहिजे. मिथेनॉलचा वास साध्या अल्कोहोलसारखाच असतो, आणि दारूत मिसळल्यावर तो वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. ते ६५ अंशांना उकळत असले तरी पाण्याला धरून राहते, त्यामुळे पहिली धार टाकून दिल्याने ते पूर्णपणे जात नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते, मृत्यूही ओढवतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. दहा अब्जांतला एक रेणू हेरणारे नाक येथे साफ फसते. तेथे प्रयोगशाळेतील परीक्षणच हवे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरील बंधने सैल केली. विनापरवाना दारू गाळणे मात्र गुन्हाच आहे. वर्गातला प्रयोग गवती चहाचाच करावा. पातेल्यात पाणी आणि पाने उकळावीत, मध्ये कोरडी वाटी ठेवावी, वर उलटे झाकण ठेवून त्यात गार पाणी ओतावे. वाटीत जमलेल्या पाण्याला पानांचा रंग नसेल, वास मात्र असेल. रंग मागे का राहिला, हे मुलांनाच विचारावे.