नदीची नाडीपरीक्षा

पूर्वीचे वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवून त्याच्या देहातील व्याधी ओळखीत. आजचे डॉक्टर नाडी पाहतातच; परंतु हृदयविकाराचा रोगी समोर आला, म्हणजे ते त्याचे रक्तही तपासून घेतात. या तपासणीत कोलेस्टेरॉल नावाच्या स्निग्ध पदार्थाचे प्रमाण मोजले जाते. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. आपले यकृतच ते तयार करते, आणि शरीरातील प्रत्येक पेशीला त्याची गरज असते. मात्र त्याचे प्रमाण वाढले, की रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूस त्याचे थर साचू लागतात. हे साचणे वर्षानुवर्षे चालते, आणि तरीही माणसाला काहीच दुखत नाही. तो चालतो, बोलतो, हसतो; आणि एके दिवशी हृदयाला रक्त पुरविणारी वाट अकस्मात बंद होते. म्हणूनच रक्ताची परीक्षा वेळीच करावी लागते. जे डोळ्यांना दिसत नाही, ते ती आकड्यांत दाखविते.

माणसाप्रमाणे नदीलाही असे न दिसणारे रोग जडतात. ठाणे जिल्ह्यातील लोकांना याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर या गावांवरून वाहत कल्याणजवळ येते आणि पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे. कल्याण-डोंबिवलीतील लाखो लोकांच्या घरी येणारे पाणी याच नदीचे. वालधुनी ही तिच्याकडे धावणारी एक छोटी नदी. अंबरनाथचे इसवी सन १०६० मधील प्राचीन शिवमंदिर तिच्याच काठी उभे आहे. पुढे अंबरनाथ, उल्हासनगर व डोंबिवली या भागांत रसायने, औषधे आणि रंग यांचे कारखाने निघाले. वस्ती वाढली. हजारो हातांना काम मिळाले. पण त्याबरोबरच सांडपाणीही वाढले, आणि त्याचा पुष्कळसा भार या नद्यांना वाहावा लागला.

या भाराचा पहिला आघात होतो तो माशांवर. असे का व्हावे? मासा पाण्यात केवळ राहत नाही, तर तो पाण्यातून श्वास घेतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो; पण ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. एवढ्या तुटपुंज्या साठ्यावर माशाला जगावयाचे असते. त्यासाठी निसर्गाने त्याला नाजूक, झालरीसारखे कल्ले दिले आहेत. कल्ल्यांची त्वचा इतकी पातळ असते, की पाण्यातील प्राणवायू तिच्यातून सहज रक्तात शिरतो. पण ज्या दाराने प्राणवायू आत येतो, त्याच दाराने विषही आत येते.

माशांचा घात निरनिराळ्या प्रकारांनी होतो. घरोघरचे मैलापाणी नदीत मिसळले, की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. माशांच्या वाढीसाठी एक लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपल्या देशातील मानक आहे. तो याहून फार घटला, म्हणजे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. तीव्र आम्ले व अमोनिया कल्ल्यांनाच इजा करतात. सर्वांत फसवी ती पाऱ्यासारखी जड धातूंची विषे. ती माशाला लगेच मारीत नाहीत. त्याच्या देहात कणाकणाने साचत राहतात. लहान माशाला मोठा मासा खातो, मोठ्या माशाला माणूस खातो, आणि प्रत्येक पायरीवर विषाचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला भयंकर रोग कारखान्यातून समुद्रात गेलेल्या अशाच पाऱ्यामुळे, मासे खाणाऱ्या लोकांना जडला होता.

मग जिवंत दिसणारा मासा निरोगी आहे, हे कसे ओळखावे? येथे शास्त्रज्ञ डॉक्टरांचाच मार्ग धरतात. प्रयोगशाळेतील टाक्यांत मासे ठेवून ते पाण्यात एखाद्या रसायनाची अल्प मात्रा मिसळतात, आणि काही दिवसांनी माशांचे रक्त, कल्ले व यकृत तपासतात. माशाच्या शरीरातही कोलेस्टेरॉल असते. विषाशी झुंजताना यकृत दुखावले, की त्याचे प्रमाण बदलते. मासा पोहत असतो, खातही असतो. पण त्याचे रक्त खरी हकीकत सांगते.

हे ध्यानात न घेतल्यास मोठी फसगत होते. मरळ हा मासा पाण्यावर येऊन हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून जेथे इतर मासे गुदमरून मरतात, तेथेही मरळ तग धरतो. तो जाळ्यात सापडला म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असा समज करून घेणे चुकीचे होय. नदीकाठी मासे धरून पोट भरणाऱ्या कातकऱ्यांना आणि कोळ्यांना या चुकीची किंमत सर्वांच्या आधी मोजावी लागते.

महाराष्ट्रात जलप्रदूषणाला आळा घालण्यासाठी १९७० साली मंडळ स्थापन झाले, आणि १९७४ साली देशाने त्यासाठी कायदा केला. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला, तेव्हा २०१५ साली त्याने जबाबदार संस्थांना दंडही ठोठावला. म्हणजे रोगाचे निदान झाले आहे.

परंतु निदान म्हणजे उपचार नव्हे. रक्ततपासणीचा कागद पेटीत ठेवून जो रोगी पूर्वीसारखाच वागतो, त्याचे हृदय त्या कागदाने वाचत नाही. पथ्य पाळावे लागते, औषध घ्यावे लागते. नदीचे पथ्य एकच आहे: शुद्ध केल्यावाचून कोणतेही सांडपाणी तिच्यात न सोडणे. ते कारखान्यांनी पाळावे, नगरांनी पाळावे आणि घराघरांनीही पाळावे. मासा मुका आहे. पण त्याच्या देहात नदीची प्रकृती लिहिलेली असते. ती वाचून वेळीच सावध होणे, यातच माशाचे आणि माणसाचेही हित आहे.