हुकूम चालत नाही, तिथे निर्णय कसा होतो?



पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, 'तुमचा विषय नेमका काय?' 'मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवी समूहांतलं नेतृत्व आणि निर्णयप्रक्रिया' असं उत्तर दिलं की समोरचा गप्प होतो. म्हणून आज आपल्या बीड जिल्ह्यापासूनच सुरुवात करू.

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. त्या वर्षी तीनच तालुके होते: वरुड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. श्रमदानाला मजुरी नसते. 'उद्या सकाळी सहाला या' असं कुणीही सांगू शकतं, पण न आलेल्याचा पगार कापता येत नाही. म्हणजे चर कुठे खोदायचे हे ठरवणं ही एक गोष्ट आणि खोदायला माणसं येणं ही दुसरी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्या काहींना त्यांची कंपनी पगार देते, पण अनेक जण आपल्या हौसेने, फावल्या वेळात काम करतात. त्यांना कुणी हुकूम देऊ शकत नाही.

सिनॉप्सिस लिहिताना माझी इथेच चूक झाली. ज्याचे कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, सगळ्यात जास्त तो नेता, असं मी गृहीत धरलं होतं. मोजायला सोपं होतं ना! गाईडनी एकच प्रश्न विचारला, 'सगळ्यात जास्त टोपल्या उचलतो तोच गावाचे निर्णय घेतो का?' पुढचे दोन महिने मी नव्याने वाचत बसलो.

आपल्या भाषेतलं जवळचं उदाहरण म्हणजे मराठी विकिपीडिया. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, तो सुरू झाला. तो ज्ञानकोश आहे, सॉफ्टवेअर नाही. पण मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो आणि स्वयंसेवकच तो चालवतात. तिथे सामायिक चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हणतात, मत मागण्याला 'कौल' आणि जादा अधिकार असलेल्या सदस्याला 'प्रचालक'. प्रचालक पान वगळू शकतो, सुरक्षित करू शकतो, त्रास देणाऱ्याला रोखू शकतो. पण 'तू हा लेख लिही' असा हुकूम तो कुणालाही देऊ शकत नाही. अधिकार 'नाही' म्हणण्याचा आहे, काम करून घेण्याचा नाही.

हीच गोष्ट डेबियनने लिहूनच ठेवली आहे. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली. तिच्या समूहाने १९९८ मध्ये स्वतःची घटना स्वीकारली. प्रकल्पाचा नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. पण या घटनेने कुणावरही काम करण्याचं बंधन येत नाही, असं त्याच घटनेत म्हटलं आहे. नियमानुसार झालेल्या निर्णयाच्या आड मात्र येता येत नाही.

या घटनेची कसोटी २०१४ मध्ये लागली. संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणारा मूळ प्रोग्रॅम कोणता ठेवायचा, यावर मोठा वाद झाला. आठ जणांच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडला गेला. नियम पाळला गेला, निर्णयही झाला. तरी वाद मिटला नाही. त्याच वर्षी नाराज झालेल्या काहींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. कोड मुक्त असल्यामुळे ते शक्य होतं. यालाच फोर्क म्हणतात.

जसे सदस्य निघून जातात, तसा नेताही जाऊ शकतो. पायथन ही संगणकभाषा गिडो व्हॅन रोसम यांनी बनवली आणि अनेक वर्षं शेवटचा शब्द त्यांचाच होता. २०१८ मध्ये एका नव्या चिन्हावरून कडाक्याचा वाद झाला. त्यांनी तो प्रस्ताव मंजूर केला, पण जुलैमध्ये निर्णयाच्या जबाबदारीतून स्वतः बाजूला झाले. नंतर समूहाने अनेक पर्यायांवर मतदान करून पाच जणांचं निवडून येणारं मंडळ स्वीकारलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात चालत नाहीत. आणि मंडळाने आपले अधिकार शक्यतो कमीत कमी वापरावेत, अशीही अपेक्षा लिहून ठेवली आहे.

आता तुमच्या कामाचं. 'नेता कोण?' हा प्रश्न संशोधनाला फार ढोबळ आहे. त्याऐवजी एकच निर्णय घ्या आणि चार गोष्टी शोधा: तो कुणी मांडला, कोणत्या नियमाने झाला, हरकत कोण घेऊ शकत होतं, आणि निर्णयानंतर काम कुणी चालू ठेवलं. माझ्या चुकीत चौथी गोष्ट कामापुरती होती, पहिल्या तिन्ही गायब होत्या. नुसती मतदानाची आकडेवारी घेतली, तर उलट चौथी निसटते.

दोन गोष्टी सांभाळा. एक, जे कंटाळून गप्प निघून गेले त्यांची नोंद कुठेच नसते. म्हणून नोंदींत दिसणारी सहमती खरी असेलच असं नाही. दोन, चर्चा सगळ्यांना दिसते म्हणून लिहिणाऱ्याचं नाव प्रबंधात छापायची मोकळीक मिळत नाही. त्याबद्दल आधी गाईडशी आणि नैतिकता समितीशी बोला.

सराव करायचा असेल तर चावडीवरची एक जुनी चर्चा उघडा आणि वहीत हे चार रकाने भरून बघा. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल वेळेसकट मिळतो, त्यामुळे पहिले तीन रकाने बहुतेक तासाभरात भरतील. चौथ्यासाठी मात्र पुढच्या कित्येक महिन्यांचा इतिहास चाळावा लागेल. खरं संशोधन तिथेच सुरू होतं.