विकत घेतलेला आठवडा

अड्यार नदी ओलांडून उत्तरेकडे टीटीके रोडला लागलं, की त्या भागाला लोक अजून 'अड्यार गेट' म्हणतात. ज्या हॉटेलमुळे हे नाव चेन्नईभर झालं, ते मात्र आता नाही. अड्यार गेट, मग पार्क शेरेटन, शेवटी क्राउन प्लाझा अशी नावं बदलत ते सुमारे चार दशकं चाललं. त्यातलं 'दक्षिण' हे रेस्तराँ तर दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्यांना आवर्जून दाखवायची जागा होती. डिसेंबर 2023 मध्ये हॉटेल बंद झालं, कारण त्या जमिनीवर आलिशान सदनिका बांधणं मालकांना जास्त परवडणारं होतं. यात कुणाचा दोष नाही. हॉटेलं उभी राहतात, हात बदलतात, मिटतात. पण एखादं हॉटेल आपल्याला पंचवीस वर्षांचा शब्द देऊन पैसे घेत असेल, तर ही गोष्ट मनात ठेवूनच सही करावी.

हे आठवायचं कारण म्हणजे शेजारच्या काकांनी माझ्यासमोर ठेवलेली एक फाइल. काका मूळचे पुण्याचे. इथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, गांधीनगरमध्ये राहणारे. एका मॉलमध्ये त्यांच्याकडून कूपन भरून घेतलं गेलं, मग 'तुम्हाला भेट लागली आहे' असा फोन आला आणि भेट घ्यायला गेलेल्या काका-काकूंना तीन तास बसवून चित्रफीत दाखवली गेली. ईस्ट कोस्ट रोडवर समुद्राकाठी एक जुनं रिसॉर्ट, त्याच्या मोकळ्या आवारात नव्याने बांधायचे व्हिला, आणि त्यातला वर्षाचा एक आठवडा पंचवीस वर्षं काकांचा. सवलत फक्त आज सही केली तर. काकांनी सही केली, क्रेडिट कार्डावर पहिला हप्ताही भरला. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "मग आपण नेमकं घेतलं काय?" हाच प्रश्न घेऊन ते माझ्याकडे आले.

उत्तर फाइलच्या अकराव्या पानावर होतं, बारीक टायपात. तिथे 'मालकी' हा शब्दच नव्हता. होता तो 'वापरण्याचा हक्क', आणि त्याच्या पुढे 'उपलब्धतेनुसार'.

सुट्टीच्या जागेत वर्षाचा ठरावीक काळ वापरण्याचा हक्क विकण्याच्या या धंद्याला टाइमशेअर म्हणतात, आणि ही कल्पना युरोपातली. 1963 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी निघाली. अनेकांनी मिळून सुट्टीची घरं घ्यायची आणि आळीपाळीने वापरायची, असा साधा विचार होता. पुढे फ्रान्समधल्या आल्प्सच्या एका रिसॉर्टने खोली भाड्याने घेण्यापेक्षा हॉटेलच घेतलेलं स्वस्त पडतं, अशा धर्तीवर जाहिरात केली. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी कंपनी निघाली आणि एका गावातला आठवडा दुसऱ्या देशात वापरता येऊ लागला. भारतात या धंद्याचं माहेर चेन्नईच. स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स 1986 मध्ये इथे सुरू झाली, आणि कोडाईकनालचा तलाव तिने हजारो मध्यमवर्गीय घरांच्या स्वप्नात नेऊन ठेवला. 1996 मध्ये महिंद्रा हॉलिडेज आली. तिचीही मूळ नोंदणी चेन्नईचीच, पहिलं रिसॉर्ट मुन्नारला. जांभळा, लाल, पांढरा, निळा हे तिचे हंगामाचे रंग आज पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत पाठ आहेत. जांभळा म्हणजे ऐन गर्दीचा आणि महाग, निळा म्हणजे ओस पडणारा काळ.

चालू हॉटेल आपल्या आवारात टाइमशेअरचे व्हिला का बांधतं? बँकेचं कर्ज घेऊन खोल्या वाढवल्या, तर व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून चालू होतं आणि खोल्या भरल्या नाहीत तर हप्ता मालकाच्या अंगावर येतो. आठवडे विकले की बांधकामाचा पैसा सभासदांकडून आधीच येतो, आणि वर्षाची देखभालही तेच भरतात. पोहण्याचा तलाव, स्वयंपाकघर, धोबीखाना, बाग, पहारेकरी हे सगळं आधीपासून असतंच. त्याचा खर्च आता जास्त डोक्यांवर वाटला जातो. मालकाच्या बाजूने हा हिशेब चोख आहे, आणि तो लबाडीचाही नाही.

या पैशाकडे हिशेबनीस कसं बघतात, तेही पाहण्यासारखं आहे. महिंद्रा हॉलिडेज पूर्वी सभासदत्वाच्या रकमेतला साठ टक्के भाग प्रवेश शुल्क म्हणून लगेच उत्पन्नात धरायची आणि उरलेला चाळीस टक्के सभासदत्वाच्या सगळ्या वर्षांवर पसरायची. एप्रिल 2018 पासून नवं लेखामानक आलं आणि ही पद्धत बदलावी लागली. सभासदाला सेवा वर्षानुवर्षं द्यायची आहे, म्हणून उत्पन्नही वर्षानुवर्षं दाखवायचं. मला हा बदल फार बोलका वाटतो. आज घेतलेला पैसा हे उद्याचं देणं आहे, हे हिशेबाच्या वहीनेच मान्य केलं.

काकांच्या फाइलवरचे आकडे मी इथे देत नाही. हिशेब समजावा म्हणून गोल आकडे घेऊ. समजा वीस व्हिला आहेत. वर्षाचे 52 आठवडे, त्यातले दोन डागडुजीला सोडले तर पन्नास. म्हणजे हजार आठवडे विकायला मिळतात. एका आठवड्याची किंमत चार लाख धरली तर चाळीस कोटी जमा. आता सभासदाच्या बाजूने पाहा. हजार कुटुंबांतल्या बहुतेकांना मुलांच्या शाळेची सुट्टी बघूनच निघायचं असतं. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि पोंगल-संक्रांत मिळून फार तर नऊ आठवडे होतात. नवाला विसाने गुणलं की 180 जागा. बाकीच्या 820 कुटुंबांना जुलैच्या उकाड्यात किंवा नोव्हेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात समुद्र बघावा लागतो. ज्याने महागड्या रंगाचं सभासदत्व घेतलं त्याला आधी रांगेत उभं राहता येतं, पण रांग टळत नाही. 'उपलब्धतेनुसार' या शब्दाचा सगळा अर्थ या 180 मध्ये आहे.

जुन्या हॉटेलात नवे व्हिला मिसळले की या रांगेत आणखी एक जण उभा राहतो, तो म्हणजे रोख भाडं देणारा पाहुणा. मेमधल्या शनिवारी एक रात्र पंधरा हजाराला जात असेल, तर ती सभासदाला द्यायची की पाहुण्याला? ज्या करारात सभासदांसाठी ठरावीक व्हिला राखून ठेवल्याचं लिहिलेलं असतं, तिथे याचं उत्तर आहे. जिथे सगळ्या खोल्या एकाच घमेल्यात आहेत, तिथे काउंटरवरचा माणूस ठरवतो. तलाव आणि रेस्तराँ जुन्या हॉटेलचे असतात, तेव्हा व्हिलावाल्यांना ते पंचवीस वर्षं त्याच दराने मिळतील का, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

यापेक्षा मोठी गोष्ट वार्षिक देखभाल शुल्काची. चार लाख डोळ्यांसमोर असतात, हे शुल्क मात्र नजरेतून सुटतं. गेलात न गेलात, ते भरावंच लागतं, वर जीएसटी वेगळा, आणि महागाईबरोबर ते वाढत जातं. वर्षाला वीस हजार धरा. वाढ दरसाल सहा टक्के झाली तर पंचविसाव्या वर्षी तेच शुल्क सुमारे 81 हजार होतं आणि एकूण भरणा अकरा लाखांच्या घरात जातो. आता तशाच खोलीचं भाडं आज रात्रीला सहा हजार, म्हणजे आठवड्याला 42 हजार धरू, आणि तेही त्याच गतीने वाढेल असं समजू. बँकेतल्या पैशालाही तेवढंच व्याज मिळालं, तर सगळं आजच्या रुपयांत मोजता येतं. टाइमशेअरचा खर्च चार लाख अधिक पंचवीस वेळा वीस हजार, म्हणजे नऊ लाख. दर वर्षी भाड्याने राहिलात तर साडेदहा लाख. दीड लाखाचा फायदा दिसतो खरा, पण तो पंचवीसही वर्षं न चुकता गेलात तरच. एकविसाव्या फेरीपर्यंत भाडंच स्वस्त पडतं. वसुली बाविसाव्या फेरीला होते. म्हणजे पंचवीस वर्षांत फार तर तीन वर्षं चुकलेली चालतील. त्यात आजारपण आलं, मुलीचं बाळंतपण आलं, दहावी-बारावी आली. काका सत्तरीला टेकलेले. मी त्यांच्यासमोर कागदावर ही बेरीज केली, तेव्हा ते बराच वेळ त्या 22 च्या आकड्याकडे पाहत राहिले.

हे सगळं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ज्या घरांत तीन पिढ्या मिळून दर मे महिन्यात बाहेर पडतात, बरोबर तांदूळ-डाळ घेऊन व्हिलाच्या किचनमध्ये आजी वरणभात लावते, पोरांना तोच तलाव नि तीच झाडं ओळखीची होतात, त्या घरांना टाइमशेअरने खरोखर सुख दिलं आहे. अशी कुटुंबं मी ओळखतो. त्यांनी पैसे वसूल केले आहेत, आणि वर सुट्टी टाळायची नाही अशी शिस्तही मिळवली आहे.

अमेरिकेत डिस्नेने हाच मार्ग धरला. जुन्या हॉटेलांशेजारी किंवा त्यांच्याच आवारात व्हिला बांधून ती व्हेकेशन क्लबच्या नावाने विकते. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँड हॉटेलच्या आवारातले व्हिला सप्टेंबर 2023 मध्ये उघडले. तिथे आठवड्याऐवजी गुण विकले जातात आणि हंगाम पाहून एका रात्रीला कमी-जास्त गुण कापले जातात. महत्त्वाची गोष्ट अशी, की तिथे नोंदणी झालेला दस्त मिळतो आणि त्यावर शेवटची तारीख छापलेली असते. फ्लोरिडातल्या काही जुन्या जागांचे हक्क 2042 मध्ये संपणार आहेत. हक्क संपला की इमारत कंपनीकडे परत जाते. घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की आपण झिजत जाणारी वस्तू घेतली आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी वेगळा कायदाच नाही, आणि सुरुवातीच्या काळात 99 वर्षांचे करारही विकले गेले. एवढा काळ हॉटेलच टिकेल का, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

जमिनीकडे म्हणूनच बघायला हवं. आपल्याकडे सातबारा पाहतात, तसं तमिळनाडूत पट्टा आणि ईसी पाहतात. ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, त्याला इथले लोक 'विल्लंगम' म्हणतात. त्यावर जमिनीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दिसतात. आवार बँकेकडे गहाण असेल आणि हॉटेलचं कर्ज थकलं, तर वापरण्याचा हक्क असलेल्या सभासदाची रांग बँकेच्या मागे लागते. दुसरा प्रश्न परवानगीचा. समुद्रकाठी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. केरळात वेंबनाड तलावातल्या बेटावर कापिको रिसॉर्टने 54 व्हिला बांधले होते. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं आणि सप्टेंबर 2022 मध्ये पाडकाम सुरू झालं. 'मंजुरी प्रक्रियेत आहे' हे वाक्य माहितीपत्रकात दिसलं, की हे व्हिला आठवावेत.

महाराष्ट्राला याहून जवळची जखम आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने 'रूम नाइट' विकल्या. वापरा, नाहीतर मुदतीनंतर वाढीव रक्कम परत घ्या, अशी रचना होती. लोकांनी ती मुदत ठेव समजून घेतली, कारण विकणारे एजंट आपल्याच गल्लीतले, नात्यातले होते. खोलीत झोपायला फारच थोडे गेले. सेबीने हे टाइमशेअर नसून सामूहिक गुंतवणूक योजना आहे असं ठरवलं आणि 2016 मध्ये सुमारे 51 लाख गुंतवणूकदारांचे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्या रकमेच्या मागे निवृत्त शिक्षक होते, गिरणी कामगारांच्या विधवा होत्या, कोकणातले छोटे दुकानदार होते. म्हणून जिथे सुट्टीबरोबर परतावाही सांगितला जातो, तिथे आपण सुट्टी घेत नाही, नोंदणी नसलेली गुंतवणूक करत असतो. खऱ्या टाइमशेअरमध्ये परतावा नसतोच. पुढे विकायला गेलं तर दुसऱ्या हाताला फार कमी किंमत येते.

युरोपीय संघाने 2008 च्या निर्देशाने ग्राहकाला करार मोडायला चौदा दिवस दिले आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी केली. आपल्याकडे तसा कायदा नसला, तरी बऱ्याच करारांत दहा दिवसांची सोय असते. तोंडी सांगितली जात नाही, पण लिहिलेली असते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी गोष्ट केली. तक्रार आता आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. एकतर्फी अटींचा करार 'अनुचित करार' म्हणून राज्य आयोगापुढे नेता येतो.

काकांच्या फाइलमध्ये दहा दिवसांचं कलम चौदाव्या पानावर सापडलं. त्या दिवशी सही करून सहा दिवस झाले होते. आम्ही तीन प्रश्न लिहून मेल केले: किती व्हिला सभासदांसाठी राखीव आहेत, वार्षिक शुल्क जास्तीत जास्त किती वाढू शकतं, आणि जमिनीची ईसी दाखवाल का. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणून माहितीपत्रकच पुन्हा आलं. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी काका अड्यारच्या पोस्टात जाऊन करार रद्द केल्याचं पत्र रजिस्टर एडीने पाठवून आले. पावती त्यांनी अकराव्या पानाला टाचून ठेवली आहे, 'उपलब्धतेनुसार' या शब्दाच्या बरोबर वर.