'प्रवास विमा' : एक अर्थविचार

'विमा' या शब्दाच्या मुळाशी फारसी 'बीम', म्हणजे भीती, आहे. मालेगावचा (जि. वाशिम) यात्रेकरू वाशिम स्थानकावर गाडीत बसतो, तेव्हा त्याची मुख्य भीती परगावी आजारी पडण्याची असते. रेल्वेच्या ई-तिकिटाबरोबर सप्टेंबर २०१६ पासून ऐच्छिक प्रवास विमा मिळू लागला. त्यात रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. परंतु ती रेल्वे अपघातात किंवा तत्सम दुर्घटनेत झालेल्या इजेपुरतीच. यात्रेत ज्वर आला, तर तिचा उपयोग नाही. व्यवहारातला 'प्रवास' घर सोडल्यापासून घरी परतेपर्यंतचा असतो; करारातला 'प्रवास' गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंतचा. तेव्हा विमा घेताना नावावर न विसंबता व्याख्या वाचणे अगत्याचे होय.