बंद दार आणि उघडी खिडकी

बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्यावरचा वॉकी-टॉकी कधी निरखून पाहा. बोलायचं बटण, आवाजाचा खटका, चॅनलचा खटका. बाकी फारसं काही नाही. फ्रिक्वेन्सी त्याच्या हातात नसतेच. ती परवान्यानुसार संगणकावरून आधीच भरलेली असते. गर्दीत अडकलेल्या माणसाला रेडिओचा विचार करावा लागू नये, हीच त्यामागची भूमिका.

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचालकाचा संच याच्या अगदी उलट. भारतात हॅमला 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो. त्यात कुठे जागा मोकळी आहे ते त्याने स्वतः ऐकायचं आणि मग बोलायचं.

खरा फरक मात्र बटणांत नाही, तो आत आहे. पोलिसाच्या वॉकी-टॉकीसारख्या चांगल्या व्यावसायिक संचाच्या तोंडाशी काटेकोर गाळण्या असतात. नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरचं फारसं काही त्या आत येऊ देत नाहीत. स्वस्त हॅम संच मात्र बरंच काही ऐकू पाहतो. शहरात एखाद्या टॉवरखाली उभे राहा: दोन जोरदार लहरी त्याच्या आतच मिसळतात आणि कुणीही न पाठवलेला तिसराच संदेश उमटतो. त्यात आपल्याला हवा असलेला क्षीण आवाज बुडून जातो. म्हणूनच क्षीण संदेश पकडून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या, दिवसरात्र चालणाऱ्या रिपीटरसाठी अनेक हॅम जुने व्यावसायिक संच शोधून आणतात. मला हा त्यांचा शहाणपणा वाटतो.

मग हॅमचा संच कशासाठी? वॉकी-टॉकीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर दोन माणसांमध्ये काही किलोमीटर, की संपलं. हॅमच्या एचएफ, म्हणजे बऱ्याच कमी फ्रिक्वेन्सीच्या, संचाच्या लहरी मात्र वातावरणातल्या उंचावरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हा हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लहरींवरून मुख्य भूमीला निरोप पोहोचवले. मधे ना टॉवर, ना केबल.

तरीही हॅमचा संच सोसायटीच्या सुरक्षारक्षकाच्या हाती देऊ नका. हौशी पट्ट्यावर धंद्याचं बोलणं कायद्याला मान्य नाही. शिकायचं असेल, तर केंद्र सरकारची परीक्षा द्या. घरातल्या बारा वर्षांच्या मुलीलाही ती देता येते.