ध्वनिमुद्रकाची मोटर आणि बोलीचा पुरावा

बोलींच्या अभ्यासात कानाइतकाच यंत्रावरही भरवसा ठेवावा लागतो. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीचे प्रकाशन १९६३ साली सुरू झाले. त्याच वर्षी फिलिप्स कंपनीने कॅसेट लोकांपुढे आणली. पुढे कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतील बोलणे या फितींवर उतरत राहिले.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. ते काम एका लहानशा मोटरीचे असते. वापराने तिचे ब्रश व कम्युटेटर झिजतात आणि फीत मंदावते किंवा अडखळते.

समजा, जालना जिल्ह्यातील वाटूर येथे योग्य वेगाने मुद्रित केलेली फीत पाच टक्के मंद चालणाऱ्या यंत्रावर ऐकली. २०० मिलिसेकंदांचा स्वर सुमारे २१० मिलिसेकंदांचा होईल व आवाजही खाली उतरेल. यंत्राचा दोष अशा रीतीने वाटूरच्या बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदला जाईल. मुद्रणच मंद वेगाने झाले असेल, तर निर्दोष यंत्रावर परिणाम उलट दिसेल. मुद्रण व श्रवण दोन्ही त्याच मंद यंत्रावर झाली, तर दोष कानाला कळणारही नाही. ही अवस्था सर्वांत फसवी होय.

मोटर बदलण्यापूर्वी रबरी पट्टा तपासावा. सैल पट्ट्याचीही लक्षणे बहुधा हीच असतात. नवी मोटर घेताना विद्युत्‌दाब, फिरण्याची दिशा, दर मिनिटाचे फेरे आणि कप्पीचा व्यास ही चारही जुळवावीत. कप्पी मोठी असल्यास फीत वेगाने धावेल. विद्युत्‌घट काढून, धन व ऋण तारांची नोंद करून मगच जुना डाख सोडवावा. तारांची अदलाबदल झाल्यास मोटरीतील वेगनियामक बिघडू शकतो.

यानंतरची पायरी बहुधा विसरली जाते. भरवशाच्या यंत्रावर ४४० आवर्तनांच्या नादकाट्याचा नाद मुद्रित करावा, ती फीत दुरुस्त यंत्रावर लावावी आणि दोन्ही नाद एक होईपर्यंत मोटरीचा वेग-स्क्रू हलके फिरवावा. क्षेत्रकार्यातही प्रत्येक फितीच्या आरंभी हा नाद मुद्रित केल्यास पुढील अभ्यासकास मूळ वेग शोधता येतो.

मोटर बाजारात पुन्हा मिळते. चाळीस वर्षांपूर्वी बोललेली वृद्धा मात्र पुन्हा भेटत नाही. तिच्या उच्चाराची साक्ष त्या फितीच्या वेगावरच अवलंबून असते.