दुखणे घरातले, आधार समाजाचा

पेढीवरील तोटा व्यापारी वेळीच ताळेबंदात दाखवतो. घरातील मानसिक आजार मात्र वर्षानुवर्षे झाकून ठेवला जातो. मुलीचे स्थळ मोडेल, बाजारातील पत जाईल, ही भीती त्यामागे असते. परिणामी उपचार लांबतात आणि शुश्रूषा करणारी आई वा पत्नी एकाकी पडते.

कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे, मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. उलट १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. संस्थेच्या स्वमदत गटात रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसतात. रुग्णाने गोळ्या नाकारल्या तर काय करावे, त्याच्या संशयाला कसे उत्तर द्यावे, हे अनुभवी माणूस नवख्याला सांगतो. औषधयोजना डॉक्टरांचीच, धीर मात्र समदुःखी देतात.

कायदाही पाठीशी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमासंरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

लग्नकार्याला आणि मर्तिकाला धावून जाणाऱ्या समाजाने या दुखण्यात मागे का राहावे? मंडळाच्या सभागृहात महिन्यातील एक दुपार अशा कुटुंबांसाठी राखून ठेवणे अवघड नाही. तेथे कानावर पडलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढे पथ्य मात्र सर्वांनी पाळावे.